भूकंपाची चाहूल आभाळात?



चाकणच्या कारखान्यांत, रात्रपाळीत कधीतरी मोबाइलवर निरोप फिरतो…
‘आकाशात विजेचे बदल दिसले, उद्या भूकंप!’
यात तथ्य किती?

साधारण साठ किलोमीटरच्या वर
हवेचा विद्युतभारित थर असतो.
त्याला आयनांबर म्हणतात.

खडकांवर प्रचंड ताण आला, की विद्युतभार सुटतो…
आणि त्याचा परिणाम वरपर्यंत पोहोचतो,
असा काही शास्त्रज्ञांचा कयास आहे.

2004 साली फ्रान्सने ‘डेमेटर’ उपग्रह
याच शोधासाठी सोडला.
काही भूकंपांआधी बदल दिसलेही.

पण मंडळी, सौरवादळांनीही तसेच बदल होतात.
शिवाय चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं.
आपल्याकडचं आयनांबर मुळातच चंचल!

बरं, जमिनीतली वीज मोजावी,
तर भोसरी-चाकणला वेल्डिंग आणि मोटारींचा विद्युत गोंगाट.
या कामाला इतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही.

म्हणून लक्षात ठेवा…
भूकंपाचा दिवस आणि वेळ
आज कुणीही सांगू शकत नाही.

भूकंपाचा धोका मात्र खरा आहे.
11 डिसेंबर 1967. कोयनेचा भूकंप.
ऐन पहाटे पुणं-मुंबईही हादरली.
कोयना परिसरात आजही धक्के बसतात.
कोयना धरणातल्या पाण्याशी त्यांचा संबंध आहे.

म्हणूनच कराडजवळ हजारमाचीला
केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे.
तिच्यासाठी कोयना भागात
तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलंय.
आभाळाऐवजी थेट खडकालाच विचारायचं!
मला हा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

पुन्हा सांगते…
दिवस आणि वेळ कुणीही सांगू शकत नाही.
म्हणून भूकंपाचं भाकीत सांगणारा निरोप पुढे पाठवू नका.

आणि कारखान्यात हादरा जाणवलाच,
तर उंच रॅक आणि क्रेनखालून आधी बाजूला व्हा.