बाळपण : येथले आणि स्वीडनमधले
(वार्षिक संमेलनातील भाषण)



‘येथले बाळपण आणि परदेशातले बाळपण’ हा विषय कार्यकारी मंडळाने आम्हांस दिला. परदेश पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतील स्वीडन हा एकच घेतो, कारण मुलांसंबंधी त्या देशाने जे केले ते कायद्याने केले आणि पुष्कळ आधी केले.

तेथे 1974 साली प्रसूतीच्या रजेऐवजी आईबाप दोघांनाही घेता येईल अशी रजा सुरू झाली. आज एका मुलामागे उभयतांना मिळून 480 दिवसांचा भत्ता मिळतो. त्यांतील प्रत्येकी 90 दिवस जोडीदाराच्या नावे करता येत नाहीत. बापाने घेतले नाहीत तर ते बुडाले. त्यामुळे बाबागाडी ढकलीत निघालेल्या बापाकडे तेथे कोणी वळून पाहत नाही. आपल्याकडे 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार आईची भरपगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली, ही समाधानाची गोष्ट होय. केंद्र सरकारच्या नोकरीतील बापाला मात्र 15 दिवस. तेवढ्यात बारसे उरकते, आणि पुढे बाप मुलाला रविवारीच दिसतो.

दुसरी गोष्ट माराची. 1979 साली स्वीडनने घरातही मुलाला मारण्यास मनाई केली. असा कायदा करणारा तो जगातील पहिला देश. सरकारने दुधाच्या खोक्यांवर त्याची माहिती छापविली, म्हणजे न्याहारीच्या वेळी आईबापांबरोबर मुलांनीही ती वाचावी! आदल्याच वर्षी बालसाहित्यकार आस्त्रिद लिंडग्रेन यांनी फ्रँकफुर्ट येथील भाषणात एका मातेची हकीकत सांगितली होती. मुलाला शिक्षा करावयाची म्हणून तिने त्यालाच छडी शोधावयास पाठविले. मूल बऱ्याच वेळाने रडत परतले. छडी मिळाली नव्हती. आईने आपल्याला फेकून मारावा म्हणून त्याने दगड आणला होता. आईला आपल्याला दुखवायचेच आहे, मग दगडानेही भागेल, असा त्या जिवाचा समज! शिक्षकी पेशात हयात घालविलेल्या आम्हांस या हकीकतीने फार अस्वस्थ केले.

आपल्या शाळांतील मार 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध झाला. घरात मात्र पाच वर्षे लालन आणि दहा वर्षे ताडन सांगणाऱ्या सुभाषिताचेच राज्य आहे. सोळाव्या वर्षी पुत्राला मित्र मानावे, हे त्याचे शेवटचे चरण तेवढे आम्ही विसरतो.

मग आपल्याजवळ काहीच नाही काय? आहे. पहिलटकरणीचे माहेर, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी आजी, आत्या, मावशी, शेजारच्या काकू! एवढ्या मांड्या जेथे आहेत, तेथे मूल एकटे पडत नाही. तथापि या मांड्या बहुतेक बायकांच्याच, हेही नमूद केले पाहिजे. गंमत अशी की, स्वीडनलाही आता आजी हवीशी वाटते. जुलै 2024 पासून तेथील आई वा बाप आपल्या वाट्याचे 45 दिवसांपर्यंतचे भत्त्याचे दिवस आजीआजोबांना किंवा अन्य कोणास देऊ शकतो. ते आपल्या वाटेने थोडे आले. आपण त्यांच्या वाटेने किती जाणार?

आपल्या वधूवर-सूचीत वराची उंची, पगार, पत्रिका आणि स्वतःचे घर यांचे रकाने आहेत. मूल झाल्यावर हा गृहस्थ किती दिवस घरी राहील, हे विचारणारा रकाना नाही. सूचीच्या पुढील छपाईपूर्वी तो घालावा, अशी मंडळास आमची सूचना आहे.