पक्षभेद आणि उद्योजक

(उद्योजक व व्यावसायिकांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



निवडणुका येतात आणि जातात. परंतु त्यांनी पाडलेल्या भेगा अलीकडे बुजत नाहीत, हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. एका ताटात जेवलेले भाऊ मतदानानंतर महिनोन्‌महिने एकमेकांशी बोलत नाहीत. ‘मतभेद असावेत, मनभेद नसावेत’ हे वाक्य आपल्या बैठकींतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की त्याचा अर्थ थांबून पाहण्याची सवयच राहिलेली नाही. ज्याच्या दारात सर्व पक्षांचे गिऱ्हाईक येते आणि ज्याच्या कारखान्यात सर्व पक्षांचे कामगार राबतात, त्या उद्योजकाला याबाबत काही करता येईल काय, हा आजचा विषय आहे.

अमेरिकेत असा एक प्रयत्न झाला. ऑगस्ट २०११ मध्ये स्टारबक्स या कॉफी कंपनीचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी उद्योगपतींना आवाहन केले, की राष्ट्राच्या कर्जाबाबत दोन्ही पक्ष एकत्र बसून तोडगा काढत नाहीत, तोवर कोणत्याही उमेदवाराला देणगी देऊ नका. शंभराहून अधिक कंपनीप्रमुखांनी त्यास अनुमोदन दिले. पुढल्या वर्षी डिसेंबरात वॉशिंग्टनमधील दुकानांत कॉफीच्या पेल्यांवर ‘एकत्र या’ असे लिहून देण्यात आले. पहिल्या उपायात काही बळ होते, कारण त्यात थैलीचे तोंड आवळलेले होते. दुसरा निव्वळ शोभेचा. पेल्यावरची अक्षरे वाचून पुढाऱ्यांचे मनपरिवर्तन होत नसते.

तेव्हा मूळ प्रश्न थैलीचा आहे, आणि त्याचा आपल्या देशातील इतिहास मुंबईतच सुरू होतो. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांस देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करावयाचा होता. १९५७ साली हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी कायद्याच्या चौकटीत परवानगी दिली खरी. पण देताना त्यांचे मन साशंक होते. मोठ्या कंपन्यांचा पैसा राजकारणात उतरला तर लोकशाहीचा श्वास कोंडेल, असा इशारा त्यांनी निकालपत्रातच देऊन ठेवला.

पुढे जे. आर. डी. टाटांनी जे केले ते आजच्या उद्योजकाने अभ्यासावे असे आहे. १९५९ साली राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. काँग्रेसबरोबर या पक्षालाही आपण मदत करणार आहोत, कारण लोकशाहीला जबाबदार विरोधी पक्ष हवा, असे जे. आर. डीं.नी १९६१ साली पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळविले. परमिट-परवान्याच्या त्या काळात, ज्याच्या सहीवर कारखान्याचे भवितव्य अवलंबून, त्यालाच हे सांगण्यास धैर्य लागते. चोरून दोन्हीकडे पैसे देणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत. ती सावधगिरी झाली. उघड देणे ही निराळी गोष्ट आहे.

१९६७ च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाला ४४ आणि जनसंघाला ३५ जागा मिळाल्या. दोनच वर्षांत, १९६९ साली, इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. परिणाम काय झाला? पैसा थांबला नाही, त्याची पावती तेवढी थांबली. १९८५ साली बंदी उठेपर्यंत काळ्या पैशाची वाट पुरती मळून गेली होती.

टाटा समूहाने १९९६ साली निवडणूक न्यास स्थापून लोकसभेतील सदस्यसंख्येच्या प्रमाणात पक्षांना निधी देण्याचा नियम केला. या नियमात उणीव आहे. मोठ्याला अधिक मिळते आणि नवा पक्ष उपाशी राहतो. परंतु देणारा मर्जी दाखवू शकत नाही आणि घेणारा उपकाराखाली दबत नाही, हे लहान काम नव्हे. उलट २०१७ साली साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून पुढील वर्षी जे निवडणूक रोखे आले, त्यांत देणाऱ्याचे नाव मतदारापासून झाकलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरविली. त्या रोख्यांचा सर्वांत मोठा वाटा भारतीय जनता पक्षाकडे गेला, हे आपल्या मंडळींनी न कचरता मान्य करावे. सत्ता ज्याच्याकडे, ओघ त्याच्याकडे. काँग्रेसच्या काळी तेच होते. ज्या संघटनेचा संसार स्वयंसेवकांच्या गुरुदक्षिणेवर चालतो, तिच्या कार्यकर्त्याला हे उमजण्यास अडचण पडू नये.

आता पैशाहून जवळची गोष्ट. पक्षभेद बाजूला ठेवून माणसे रोज एकत्र बसतात अशी जागा कोणती? कारखान्यातील वाटाघाटीचे टेबल. मे २०२३ मध्ये कोळसा खाण कामगारांचा अकरावा वेतनकरार झाला. त्यावर भारतीय मजदूर संघाच्या प्रतिनिधींच्या सह्या आहेत, आणि त्यांच्याशेजारी आयटक, सीटू व हिंद मजदूर सभा यांच्याही. दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ स्थापिला, तेव्हा लाल बावट्याशी त्याचा वैचारिक संघर्ष उघड होता आणि तो आजही संपलेला नाही. तरीही एकोणीस टक्के किमान वाढ चौघांनी मिळून मिळविली. कोणी आपला झेंडा उतरविला नाही. ज्या व्यवस्थापनाला एक युनियन दुसरीवर सोडून दोघींना दुबळे करण्याची खोड असते, ते केवळ वेतनाचा खर्च वाचवीत नसते. गावात वैर पेरीत असते. सायंकाळी पाळी सुटल्यावर तेच कामगार आपापल्या वस्तीत परततात.

लहान व्यापाऱ्याची अडचण मात्र खरी आहे. वर्गणीचे पुस्तक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या नगरसेवकाला नकार दिला, की दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायऱ्यांचे मोजमाप होते. एकट्याने धैर्य दाखवा असे त्याला सांगणे सोपे आहे, न्याय्य नाही. म्हणून हे काम व्यापारी संघटनेने करावे. वर्गणी संघटनेमार्फत, एका ठरलेल्या नियमाने, सर्व पक्षांना धनादेशाने जावी आणि तिचा तक्ता वार्षिक सभेत वाचला जावा. निवडणुकीपूर्वी सर्व उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलावून जकात नाक्यांच्या जागी आता काय उभे राहणार, बाजारातील गटारे कधी होणार, हे विचारावे. आपल्या विचाराचा उमेदवार त्या दिवशी निरुत्तर झाला, तर तेही सभासदांनी ऐकून घ्यावे.