मोजणी लगतदाराच्या देखत

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापला आहे 'महामारी आणि भूमापन'. त्यावर बोलणारच आहे. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी घाई होणार नाही. जमिनीची मोजणी यंत्रानं होते हे अर्धंच खरं आहे. मोजणी होते ती लगतदाराच्या देखत. ज्याचा बांध आपल्या बांधाला लागून आहे तो माणूस जागेवर उभा असतो, बघत असतो, हुज्जत घालत असतो, तेव्हाच ती मोजणी. भूमी अभिलेख खात्यात सगळी नोकरी मी हेच मानत काढली, आणि २०२० सालानं त्यावर शिक्का मारला.

इंग्रजी अमदानीत इंदापुरातून सुरू झालेला जमिनीचा सर्व्हे, त्याआधी फसलेली प्रिंगलसाहेबाची आकारणी, मग नव्यानं मोजणी करणारे विंगेट आणि गोल्डस्मिड हे अधिकारी, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. समोर बसलेल्या कित्येकांच्या घरी पणजोबांच्या वेळचे उतारे ट्रंकेत जपून ठेवलेले असतील. ते सोडून पुढे जातो. एवढंच ध्यानात असू द्या की आपला गुंठा त्या सर्व्हेच्या तेहतीस फुटी साखळीतून आला. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीचे भाग सोळा, एकेका भागाला आणा म्हणत. ती ओढायला दोन माणसं, झेंडी धरायला तिसरा, आणि बाजूला उभं राहून 'साखळी ढिली धरलीय' असं ओरडायला अख्खी भावकी. (हशा) तुम्ही हसलात, पण ती भावकी मोजणीचा भागच होती. साखळी खरोखर ढिली असेल तर ते पहिल्यांदा तिलाच दिसायचं.

आता २०२० चा मार्च आठवा. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून देश बंद. शहरातला माणूस विचारतो, तुमचं काम तर उघड्या रानात, तुमचं काय अडलं? अडला तो हंगाम. रब्बीची काढणी झाली की रान मोकळं होतं, बांध दिसतो, दगड दिसतो, उसाचा फड सोडला तर शेताची दोन टोकं एकमेकांना दिसतात. मार्चअखेरपासून मृगापर्यंतचे दिवस आमचे. पेरणी झाली की उभ्या पिकात कोणी पाय ठेवू देत नाही, आणि देऊही नये. म्हणजे बंदी आली ती नेमकी आमच्या सुगीत. फी भरलेली, तारखा लागलेल्या, लगतदारांना नोटिसा गेलेल्या, आणि सगळं जागच्या जागी थांबलं. महसुलातल्या बाकीच्यांसारख्या आमच्यातल्याही कित्येकांना नाक्यांवर, विलगीकरण केंद्रांवर ड्युट्या लागल्या. त्यातले काही सहकारी गेले. घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांची नावं सभेत घेणं मला बरं वाटत नाही. पण पुढे आमच्या खात्यानं जे काही निभावलं ते त्या माणसांच्या जोरावर निभावलं, हे या व्यासपीठावरून सांगितलं पाहिजे.

बंदी उठत गेली तशी कामं पुन्हा लागली, आणि अर्जांचे गठ्ठे वाढलेले. कारण उघड होतं. मुंबई-पुण्याचे, सुरतेचे भाऊ गावी परतले होते. वर्षानुवर्षं एका छपराखाली न जमलेली भावंडं महिनोन् महिने एकत्र राहिली. आधी प्रेम, मग हिशेब, मग वाटणी. (हशा) एका गावात मी बांधावर सांगितलं, सहा फूट अंतर ठेवून उभे राहा. दोघा चुलतभावांपैकी थोरला म्हणाला, "साहेब, आम्ही दहा वर्षं साठ फुटांवरनंच बोलतोय." (मोठा हशा)

माणसं कमी करा, हा वरचा आदेश. इथे यंत्र मदतीला आलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. प्लेन टेबलाच्या मोजणीत फलकाशी एक, पट्टी धरायला दुसरा, खुणा रोवायला मजूर. ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, आलं तेव्हा दोघांत भागू लागलं, एक यंत्राशी, एक प्रिझम घेऊन. उपग्रहांवरून जागा सांगणारा रोव्हर आला आणि एकटा माणूस त्याची काठी हातात घेऊन बांध फिरून येऊ लागला. भारतीय सर्वेक्षण विभागानं महाराष्ट्रात ७७ कॉर्स केंद्रं, म्हणजे अखंड चालणारी संदर्भ केंद्रं, उभारली. त्या केंद्रांकडून मोबाइलच्या जाळ्यातून दुरुस्ती येते आणि रोव्हर उभ्या जागेचे अक्षांश-रेखांश सेंटिमीटरच्या घरात सांगतो. जिथे रेंज नाही त्या दऱ्याखोऱ्यांत अजून ईटीएसच काढावं लागतं, तो भाग वेगळा. पण अर्धा दिवस खाणारं काम तासाभरात होऊ लागलं आणि सगळे म्हणू लागले, महामारीनं भूमापनाचं भलं केलं.

इथे मी थांबतो, कारण याच वाक्याशी माझं भांडण आहे. रोव्हर सांगतो तो, तुम्ही उभे आहात तो बिंदू कुठे आहे हे. हद्द कुठे आहे हे त्याला माहीत नाही. हद्द जुन्या मोजणीच्या टिपणात आहे, गटाच्या नकाशात आहे. आणि १:४००० मापाच्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद होते. यंत्र सेंटिमीटरचं आणि रेघ दोन मीटरची, मग मधली जागा कोण भरून काढतं? जुना दगड, वहिवाट, आणि ती पाहिलेली माणसं.

एक मोजणी सांगतो. पहिली लाट ओसरल्यानंतरची, हिवाळ्यातली. अर्जदार गावात, पश्चिमेच्या लगतदार एक म्हाताऱ्या आजी, पूर्वेचा लगतदार नालासोपाऱ्याला अडकलेला. नोटीस सगळ्यांना रीतसर गेलेली. सर्वोच्च न्यायालयानंही जुलै २०२० मध्ये नोटिसा व्हॉट्सॲपवर बजावायला मुभा दिली होती, सगळीकडे तोच वारा. पूर्वेचा गडी म्हणाला, मला येता येत नाही, व्हिडिओ कॉलवर दाखवा. दाखवलं. अर्जदाराचा पोरगा फोन धरून माझ्या मागे मागे चालत होता. फोनवरचा माणूस 'दिसतंय, दिसतंय' म्हणत होता. पूर्वेची हद्द कायम झाली, खुणा केल्या, त्यानंही फोनवर 'बरोबर आहे' म्हटलं.

पश्चिमेला मात्र अडलं. नकाशाप्रमाणे खूण आली त्या जागी नुसती माती. आजी तोंडाला पदर लावून लांब बाभळीखाली बसल्या होत्या. तिथनंच म्हणाल्या, "दगड पुरात गाडला गेला, ह्यांनी दाखवला होता मला. हात-दीड हात खाली बघा." आम्ही उकरलं. कुदळीला खणकन आवाज आला. जुन्या मोजणीचा दगड, एका अंगाला टवका उडालेला, रोव्हरच्या खुणेपासून वीतभर अंतरावर. मी पंचांना दाखवला, जबाब लिहिला. आजी उठून आल्या, दगडाला हात लावून पाहिला, आणि म्हणाल्या, "तुमचं यंत्र खरंच असंल. पण आता मी बघितलंय." अंगठा दिला. ती हद्द आजतागायत शांत आहे.

आणि पूर्वेची? पुढच्या दिवाळीला तो गडी गावी आला, बांधावर उभा राहिला आणि त्यानं थेट निमतान्याचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा, अर्ज टाकला. वरच्या अधिकाऱ्यानं येऊन निमताना मोजणी केली. खूण तसूभर हलली नाही, नकाशा तोच निघाला. या वेळी तो स्वतः साखळीभर अंतर चालला, दगडापाशी ओणवा झाला, आणि सही करून मोकळा झाला. मोजमाप दोन्ही वेळा एकच होतं. पहिल्या वेळी त्याचे पाय तिथे नव्हते.

रोग आणि मोजणी यांचं नातं जुनं आहे, हेही सांगायला हवं. विल्यम लॅम्ब्टननं १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ आधाररेषा मोजायला घेतली आणि तिथून साऱ्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं काम उभं राहिलं. त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याचं नाव पुढे शिखराला मिळालं. १८१९ साली एव्हरेस्ट कृष्णा आणि गोदावरीच्या मधल्या रानात पावसाळ्यात काम करत होता. पावसाळ्यात का, तर पावसानं धूळ बसते, हवा स्वच्छ होते आणि लांबची टेकडी दुर्बिणीत येते. मोजणीला जो मोसम सोयीचा तोच हिवतापालाही सोयीचा. तुकडीच्या तुकडी तापानं आडवी झाली, माणसं दगावली, उरलेल्यांना हैदराबादला आणावं लागलं. एव्हरेस्टला स्वतःला प्रकृती सुधारायला केप ऑफ गुड होपला जावं लागलं. इकडे लॅम्ब्टन सत्तरीच्या घरात, छाती पोखरलेली, तरी तंबू उचलून नागपूरकडे निघाला आणि २० जानेवारी १८२३ ला वाटेत वारला. कुठे? आपल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथे आहे. वर्धा जिल्ह्यात गेलात तर वाट वाकडी करून जरूर जा. ज्या माणसानं कन्याकुमारीकडून रेषा ओढत आणली तो आपल्या मातीत आहे आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

त्या तापातून एव्हरेस्ट काय शिकला ते ऐका. पुढे मुंबईच्या दिशेनं काम चालू असताना त्यानं रात्री दिवे लावून वेध घेऊन पाहिले. रात्रीच्या हवेत प्रकाशाची वाट किंचित वाकते आणि दिवसा न दिसणारं लांबचं ठाणं वर उचलल्यासारखं दिसतं. मग स्वच्छ हवेसाठी पावसाळ्यावर विसंबायची गरज उरली नाही. रोगानं मोजणीची वेळ बदलली, पद्धत बदलली. टेकडीवर दिवा राखत रात्र काढणारे मोजणी-तुकडीतले खलाशी आपल्याकडचे होते, त्यांची नावं आज कोणी घेत नाही...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरलीत म्हणतात. लॅम्ब्टननं वेळ खाल्ला, पण तो खायलाच हवा होता. शहरातल्या सिटी सर्व्हेचा भाग सोडून देतो. मुद्दा असा, की टेकडीला शेजारी नसतो. देशाचा नकाशा दिव्यांवर आणि त्रिकोणांवर होऊ शकला, शेताचा तसा होत नाही.

आता ड्रोनकडे येतो, कारण प्रश्न विचारायला टपलेले तरुण मला दिसत आहेत. २४ एप्रिल २०२० ला, टाळेबंदी ऐन भरात असताना, गावठाणं ड्रोननं मोजायची स्वामित्व योजना जाहीर झाली. आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग त्याआधीच झाला होता, हे अभिमानानं सांगतो. ११ ऑक्टोबर २०२० ला पहिल्या मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या. सहा राज्यांतली ७६३ गावं, त्यातली १०० महाराष्ट्रातली. शेतजमीन शेतसाऱ्यासाठी मोजली गेली, गावठाण बहुतेक ठिकाणी तसंच राहिलं होतं. पिढ्यान् पिढ्या राहत्या घराचा कागद नसलेल्या माणसाला कागद मिळाला. मोठं काम आहे.

पण ड्रोन उडतो त्याच्या आधी काय होतं ते कोणी सांगत नाही. आधी ग्रामसभा होते. मग घरमालक आणि शेजारी मिळून आपापल्या हद्दीवर चुना टाकतात. पाटीत चुना, मूठ सोडत सोडत भिंतीच्या कडेनं, न्हाणीच्या मोरीला वळसा घालून, गोठ्याच्या मागून. एक म्हणतो अलीकडे घे, दुसरा म्हणतो ही तुळशीची जागा आमची. दोघांचं जमतं तिथे पांढरी रेघ पडते. ड्रोन येतो, वरून त्या रेघेचा फोटो काढतो आणि जातो. पुढे चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात. ड्रोननं पाहिली ती हद्द शेजाऱ्यांनी खाली बसून ठरवलेली होती. मास्क लावून, अंतर ठेवून का होईना, त्या साथीतही चुना माणसांनीच टाकला.

मागून कोणी तरी म्हणालं, मोजणीवाले तारखाच देत नाहीत. ऐकलं मी. तारखा लांबतात हे खरं आहे, आणि लोकांनी त्यावर बोललंच पाहिजे. पण भूकरमापक बांधावर का दिवस घालवतो, याचं उत्तर मी गेला तासभर देतो आहे. तो तुमच्या शेजाऱ्याची वाट बघत असतो. दुसरा प्रश्न येईल की रोव्हर घराघरांत आल्यावर भूकरमापक कशाला? फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशे आणि मोजमापाच्या माहितीवरची बंधनं बरीच सैल केली, त्याच ऑगस्टमध्ये ड्रोनचे नवे नियम आले. यंत्र कोणीही घेईल, घ्यावं. जबाब कोण लिहून घेणार? गाडलेला दगड पंचांसमोर कोण काढणार? अर्जदार आणि लगतदार दोघांचाही नसलेला माणूस त्या बांधावर कोण असणार?

दोनच मिनिटं. साथीत जे नाइलाजानं केलं त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आता ठरवायला हवं. रोव्हर ठेवा. घरबसल्या अर्ज आणि फी ठेवा. नकाशे संगणकावर आणायचं काम दुप्पट वेगानं करा. पण फोनवरची हजेरी ही हजेरी म्हणून चालू देऊ नका. लगतदाराच्या नोटिशीची मुदत घाईसाठी कमी करू नका. आणि शक्य तिथे एका शिवारातल्या मोजण्या लागोपाठच्या दिवसांत लावा, म्हणजे बाहेरगावच्या माणसाला एका खेपेत उभं राहता येईल. खात्यातल्या वरिष्ठांनाही मी हेच लिहून दिलं आहे.

आणि तुम्हाला एक विनंती. रान मोकळं झालं आहे, मोजण्यांचे दिवस सुरू आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांचं शेत गावी आहे आणि तुम्ही इथे आहात. शेजाऱ्याच्या मोजणीची नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका. तारीख वहीत लिहा, एक दिवस रजा टाका, जुना उतारा बरोबर घ्या आणि बांधावर जाऊन उभे राहा.