घरचा कार्यक्रम

(उत्सव समितीच्या सांस्कृतिक संध्येत, सेक्टर 43, चंदीगड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी वक्ता नाही. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या कामाला लागलो. आमच्या खात्यात बोलणे कमी आणि हातोडा जास्त. तरी अध्यक्षांनी "दहा मिनिटे बोलाच" असा आग्रह धरला. विषयही त्यांनीच दिला : उन्हाळ्यापासून शरदापर्यंतचे चंदीगडचे उत्सव आणि कला. मी जे पाहिले तेवढेच सांगतो. शेवटी एक कबुली आहे आणि एक विनंती आहे.

नवीन बदली होऊन आलेल्या माणसाला हे शहर कोरडे वाटते. मलाही वाटले होते. सरळ रस्ते, नंबरांचे सेक्टर, रस्त्यात कोणी थांबून बोलत नाही. आपल्या सेक्टरची ओळख विचारली तर एकीकडे बसस्थानक आणि दुसरीकडे जिल्हा न्यायालय! पण वर्षभर राहिले की लक्षात येते, इथेही आपल्यासारखेच सणांचे कॅलेंडर चालू असते.

सुरुवात भर उन्हात होते. जूनच्या सुमारास गुरू अर्जनदेवजींचा शहीदी दिवस येतो. 1606 साली लाहोरला त्यांचा छळ करून त्यांना मारण्यात आले. त्या आठवणीत इथे रस्तोरस्ती छबील लागते. दूध, पाणी आणि गुलाबाचे सरबत घातलेली गार कच्ची लस्सी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पाजतात. त्या दिवसांत रूळ तापलेले असतात आणि आमची उन्हाळी गस्त चालू असते. लाइनवरून परतताना मी कितीदा तरी ती लस्सी प्यालो आहे. पाजणारे कोण, तर शाळा-कॉलेजची पोरे. कोणी पगारी नाही.

जुलैच्या सुरुवातीला पिंजोरच्या बागेत आंब्यांची जत्रा भरते. तिथे दशहरी, लंगडा, चौसा असे आंबे पाहून आपल्यातले कोकणवाले नाक मुरडतात, आणि मग दोन किलो घेऊन घरी येतात! श्रावण शुद्ध तृतीयेला तीज. झोके, मेंदी, गिद्धा. बरोबर दोन दिवसांनी आपली नागपंचमी. आपल्याकडेही झोके, मेंदी आणि फेर. हजार मैलांवर, त्याच आठवड्यात, बायका तेच करतात, याचे मला आजही नवल वाटते. पुढे गोकुळाष्टमीचे देखावे, मग आपले बाप्पा, आणि बाप्पा गेले की रामलीला, दुर्गापूजा, दसरा.

आता कलेचे सांगतो. टागोर थिएटर सर्वांना माहीत आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1961 साली ते उभे राहिले. आर्किटेक्ट होते आदित्य प्रकाश. पण या शहराची सगळ्यांत प्रसिद्ध कलाकृती कोणी केली? नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकाने. म्हणजे आपल्याच बिरादरीतला माणूस! दिवसा सरकारी नोकरी आणि नोकरीच्या वेळेनंतर फुटक्या बांगड्या, तुटकी कपबशी, टाकून दिलेल्या फरश्या गोळा करून जंगलात गुपचूप बाग उभारायची. अनेक वर्षे कोणाला पत्ता नव्हता. सरकारी जमीन असल्यामुळे ती पाडलीही गेली असती. पण 1976 साली रॉक गार्डन लोकांसाठी खुले झाले. नेकचंदजी 2015 साली गेले. शहराचा आराखडा ले कॉर्बुझिए यांच्यासारख्या जगप्रसिद्ध माणसाने केला, पण पाहुणा आला की आपण त्याला प्रथम त्या रस्ते-निरीक्षकाची बाग दाखवायला नेतो.

आमच्या ऑफिसात एक क्लार्क आहेत. वर्षभर साधे, अबोल. नवरात्रात त्यांची रजा ठरलेली, कारण ते त्यांच्या सेक्टरच्या रामलीलेत रावण होतात. आपल्याकडे आरत्या चालू असतात तेव्हाच त्यांची तालीम सुरू होते. मी एकदा पाहायला गेलो. राम दुकानदाराचा मुलगा, हनुमान इलेक्ट्रिशियन. संवाद अडखळत होते, पडदा मध्येच अडकला. पण समोर बसलेली माणसे हलत नव्हती. कारण प्रत्येकाचे कोणी ना कोणी स्टेजवर होते.

आता कबुली.

काही वर्षांपूर्वी आपल्या उत्सवाची सांस्कृतिक जबाबदारी माझ्याकडे होती. त्या वर्षी वर्गणी चांगली जमली होती. मी ठरवले, झगमगीत काहीतरी करू. बाहेरून ऑर्केस्ट्रा ठरवला. आपल्यातल्याच एक आजी होत्या, गलाईच्या धंद्यातल्या कुटुंबातल्या, मूळच्या विट्याकडच्या. त्यांनी आठ-दहा मुली आणि सुना जमवून महिनाभर झिम्मा, फुगडी आणि एक भारूड बसवले होते. ते भारूड त्यांना त्यांच्या आईकडून आलेले. तालीम त्यांच्या घरी, पलंग भिंतीला उभा करून. मी त्यांना ऑर्केस्ट्राच्या आधी वीस मिनिटे दिली होती.

ऑर्केस्ट्रा उशिरा आला. मग साउंडची जुळवाजुळव सुरू झाली. स्टेज त्यांच्या वायरींनी भरले. मुली नऊवारी नेसून बाजूला उभ्या. मी आजींकडे गेलो आणि म्हणालो, "आजी, वेळ फार झालाय. आपलं उद्या बघू." उद्या विसर्जन होते, हे मलाही ठाऊक होते आणि त्यांनाही. त्या एवढेच म्हणाल्या, "असू द्या साहेब, फुडच्या वर्साला करू."

ऑर्केस्ट्राने तीच हिंदी गाणी म्हटली जी इथल्या प्रत्येक लग्नात वाजतात. लोक टाळ्या वाजवून जेवायला गेले.

पुढच्या वर्षी आजी नव्हत्या. उन्हाळ्यात गावी गेल्या, तिथेच वारल्या. आम्ही मुलींना विचारले, ते भारूड तुम्ही करा. त्यांना दोन कडवी येत होती. बाकीचे आजींच्या तोंडी होते, त्या सांगतील तसे मुली म्हणायच्या. कोणी लिहून घेतले नव्हते, मोबाइलवर कोणी घेतले नव्हते. एका स्टेजची वेळ वाचवायला मी ते घालवले. त्यांच्या घरचे आज इथे बसले आहेत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. म्हणून मीच इथे सर्वांसमोर सांगतो आहे.

त्याच वर्षी तीजेला माझ्या मुलीने शाळेत गिद्धा केला. बोल्या तोंडपाठ. घरी येऊन विचारते, "बाबा, आपलं काय असतं?" मी म्हणालो, आपला गणपती असतो. ती म्हणाली, "ते माहितीये. पण त्यात मी काय करते?" मला उत्तर देता आले नाही.

मंडळी, लोकमान्यांनी 1893 साली या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यानंतर पुण्या-मुंबईत मेळ्यांची प्रथा वाढली. मेळा म्हणजे गल्लीतलीच पोरे. आधी तालमी करायची आणि दहा दिवस ठिकठिकाणी गायची. त्यातूनच पुढे कितीतरी नट आणि गायक तयार झाले. उत्सव लोकांचा झाला, तो लोक त्यात गात होते म्हणून.

आणि या पंजाबच्या मातीशी आपले नाते जुने आहे. संत नामदेव महाराज इथे आले, घुमानला राहिले. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. 2015 च्या एप्रिलमध्ये त्याच घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दुसरे नाव कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे. मोठे गवई होते ते. जलसे करून, बिदागी घेऊन घरी गेले असते तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. घरोघरच्या मुलांना गाणे शिकता यावे म्हणून स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली. जलसा ऐकणाऱ्याच्या कानात दोन दिवस राहतो, शिकवलेले गाणे पुढच्या पिढीला जाते. परप्रांतात येऊन त्यांनी शिकवण्याला महत्त्व दिले, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या कामातले सांगतो. रूळ एकदा टाकला की संपले, असे नसते. गाड्या जाऊन जाऊन खाली खडी बसते, लाइन खालीवर होते, पुन्हा खडी भरून ती नीट करावी लागते. मोठे काम कंत्राटदार करतो, पण रोज सकाळी आपल्या हद्दीत चालत जाऊन एकेक चावी तपासणारा कीमॅन आपलाच लागतो. भाषेचे आणि गाण्याचे तसेच आहे. इथे वाढणारी आपली मुले घरी मराठी ऐकतात, बाहेर हिंदी-पंजाबी बोलतात. पुष्कळांच्या मराठीत पंजाबी आली आहे, त्याचे मला वाईट वाटत नाही. पण दहा दिवसांत त्यांनी एकदाही स्टेजवर मराठीत तोंड उघडले नाही, तर पुढे हा उत्सव कोण करणार?

म्हणून माझी विनंती अशी. पुढच्या वर्षापासून एक संध्याकाळ पूर्णपणे घरच्या कार्यक्रमाची असावी, आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नये. जूनमध्ये आपण सगळे गावी असतो आणि गणपतीच्या सुमारास शाळेच्या परीक्षा येतात. तेव्हा तालमी जुलैतच सुरू कराव्यात, दर शनिवारी संध्याकाळी. जागा म्हणून माझे क्वार्टर आहे, पलंग मी उभा करीन. दरवर्षी एका तरी ज्येष्ठ माणसाकडून ओव्या, भारूड, जुन्या आरत्या जे येत असेल ते लिहून आणि मोबाइलवर घ्यावे. वहीचे काम मी घेतो. आणि आमच्या रावणालाही बोलावू. त्यांचा एक प्रवेश आपल्या मांडवात होऊ द्या. पंजाबने आपल्या नामदेवांना जागा दिली, आपण त्यांच्या रावणाला पंधरा मिनिटे तरी देऊ!

ऑर्केस्ट्राला माझा विरोध नाही. पैसे उरले तर जरूर आणा. पण आधी घरची माणसे.

त्या भारुडाची दोन कडवी शिल्लक आहेत. आजींच्या नातीने ती मला काल लिहून दिली. वहीचे पहिले पान तेच आहे. बाकीची कडवी विटा-खानापूर भागातल्या कोणाच्या आई-आजीला येत असतील, तर आज जेवणाच्या पंगतीत मला गाठा.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर क्षमा असावी.

गणपती बाप्पा मोरया!