भारी घड्याळ घ्यावं का?

(शिरगाव येथे बचत गटांच्या सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्या मैत्रिणींसाठी.)



एरवी मी तुमच्यासमोर बचत, परतफेड, बँकेचे कागद यावर बोलते. आज घड्याळावर बोलणार आहे. हसू नका, याचा आपल्या गटाच्या पैशाशी थेट संबंध आहे. लग्नसराई जवळ आली की कर्जमागणीच्या अर्जावर कारण लिहिलेलं असतं 'लग्नखर्च'. नीट विचारलं की त्यात जावयाचं घड्याळ निघतं. दुसऱ्या घरी लेक बोईसरला कंपनीत लागलेला असतो. दोन पगार झाले की तो मोबाइलवर फोटो दाखवतो, "आई, हे बघ. तुझ्या गटातून काढ ना, मी फेडतो." लेकाचा हट्ट मोडवत नाही आणि व्याह्यांपुढे मान खाली जायला नको, म्हणून आपण अंगठा नाहीतर सही देऊन मोकळ्या होतो.

म्हणून आज साधा प्रश्न घेऊ. पंचवीस-तीस हजारांचं, लाखाचं घड्याळ घेण्यात अर्थ आहे का?

आधी हे बघू की घड्याळ आपल्याला हवंच कशाला. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या बायकांना भरती कधी लागणार हे घड्याळाशिवाय कळायचं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहाच्या. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यावरून हा हिशेब बसतो. समुद्रासाठी तेवढं पुरतं, पण लोकल आणि कारखान्याची पाळी तिथीवर चालत नाही. २०१३ च्या एप्रिलपासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि पालघर-बोईसरच्या कितीतरी घरांचा दिवस गाडीच्या वेळेला बांधला गेला. बऱ्याच रासायनिक कारखान्यांत प्लँटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, तिथे मनगटावर घड्याळ लागतंच. तेव्हा घड्याळ म्हणजे चैन, असं मी म्हणत नाही. घड्याळ गरजेचं आहे. प्रश्न आहे तो किमतीचा.

आता मला सांगा, महागडं घड्याळ वेळ जास्त बरोबर दाखवतं का? बहुतेकींना वाटतं, हो. खरं उलटं आहे. सेलवर चालणाऱ्या साध्या घड्याळात क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक असतो. सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर काटे चालतात. असं घड्याळ महिन्याला साधारण पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं. लाखो रुपयांची जी स्विस घड्याळं असतात, ती बहुतेक चावीची नाहीतर हाताच्या हालचालीवर चालणारी. त्यांच्यातली चांगली घड्याळं तपासून प्रमाणपत्र देतात, आणि त्या प्रमाणपत्रालाच दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट आहे. दिवसाला सहा सेकंद म्हणजे महिन्याला तीन मिनिटं. तीन मिनिटांत आपली गाडी निघून जाते.

क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीने १९६९ च्या डिसेंबरमध्ये विकायला काढलं. तेव्हा त्याची किंमत तिथल्या एका छोट्या मोटारगाडीएवढी होती. आज तेच तंत्र बाजारात काही शे रुपयांत मिळतं. आपल्या देशात १९६१ मध्ये सरकारी एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. 'जनता' हे चावीचं घड्याळ कितीतरी घरांत आजोबांच्या हातावर होतं. पुढे टाटांची टायटन क्वार्ट्झ घेऊन आली, लोक तिकडे वळले, आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवलं. अचूक वेळ स्वस्त झाली, म्हणून हे सगळं घडलं. तेव्हा वेळ बघण्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज आज कुणालाच नाही.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? काही कारागिरीत जातात, हे मान्य करायला हवं. चावीच्या चांगल्या घड्याळात शंभराच्या वर बारीक भाग असतात, ते जुळवणारा कारागीर वर्षानुवर्षं शिकतो. आपण सूप, टोपली, वारली चित्र हाताने करतो, आपल्याला हाताच्या कामाची किंमत कळते. पण बराच पैसा नावाला, जाहिरातीला, चकचकीत दुकानाला आणि करालाही जातो. घड्याळावर जीएसटी १८ टक्के आहे. सोन्यावर तो ३ टक्के आहे. आणि घेतल्यावर संपलं असंही नाही. चावीचं भारी घड्याळ काही वर्षांनी उघडून साफ करावं लागतं, तेलपाणी करावं लागतं, आणि त्या एका खेपेला जितका खर्च येतो, तितक्यात साधी दोन-चार घड्याळं येतील.

इथे एक जण हमखास म्हणतो, "अहो, घड्याळ पण सोन्यासारखं वाढतं. गुंतवणूक आहे ती." ही गोष्ट अर्धी खरी आहे. काही मोजक्या कंपन्यांची काही मोजकी घड्याळं पुढे जास्त किमतीला विकली जातात. त्यासाठी डबा, बिल, हमीपत्र सगळं जपलेलं हवं आणि घेणारा गिऱ्हाईकही हवा. पालघरच्या बाजारात तुम्ही वापरलेलं घड्याळ विकायला गेलात तर काय मिळेल, हे तुमचं तुम्हीच सांगा. सोन्याचं तसं नाही. दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तो मोबाइलवर 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तपासता येतो. अडीनडीला तो दागिना बँकेत ठेवला तर त्याच दिवशी कर्ज मिळू शकतं. रात्री-अपरात्री पोर आजारी पडलं तर सकाळी बँकेत पाटली नेता येते. तिथे घड्याळ ठेवून कुणी कर्ज देत नाही. ज्या वस्तूवर बँक पैसे देत नाही, तिला गुंतवणूक म्हणताना दोनदा विचार करा.

आता हप्त्याकडे येऊ, कारण खरा फास तिथे असतो. दुकानात पाटी असते, 'बिनव्याजी हप्ते'. समजा घड्याळाची किंमत ३०,००० रुपये. रोख दिले असते तर दुकानदार २,००० सोडायला तयार होता. हप्त्यावर घेतलं म्हणून ती सूट गेली. वर प्रक्रिया शुल्क ५०० आणि त्यावर जीएसटी ९० रुपये. एकूण २,५९० रुपये जास्त गेले. बारा महिन्यांच्या हप्त्यांवर हा हिशेब मांडला तर वर्षाला सुमारे १७ टक्के व्याज पडलं. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट कळवलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते दुसऱ्या नावाने वसूल होतं. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हे लिहिलेलं एक माहितीपत्रक कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत द्यायचं आहे. लेक हप्त्यावर काही घेणार असेल तर त्याला तो कागद मागायला सांगा. त्यातला टक्क्याचा आकडा घरात मोठ्याने वाचा.

गटातून घेतलं तर? महिना दोन टक्क्यांनी ३०,००० काढले आणि दर महिन्याला अडीच हजार मुद्दल फेडत गेलात, तर वर्षाचं व्याज ३,९०० होतं. तुमच्या गटाचा दर वेगळा असेल तर त्या दराने मांडून बघा. कुणी म्हणेल, व्याज गटातच राहतं, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होडीवर अवलंबून असलेल्या घरात दोन महिने पैसा येत नाही. त्याच दिवसांत भाताचं बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं, घरावरचं प्लास्टिक. गटाच्या पेटीवर सगळ्यांत जास्त ताण तेव्हा येतो. मार्च-एप्रिलच्या लग्नसराईत ३०,००० घड्याळात अडकले, तर जूनमध्ये तुमच्या शेजारी बसणारी बाई पाच हजारांसाठी सावकाराच्या दारात उभी राहील. गट काढला तो हे थांबवायलाच ना?

आणि आता जावयाचं घड्याळ. मैत्रिणींनो, ही आपली जुनी रीत आहे असं म्हणून गप्प बसू नका. आपल्या भागातल्या वारली समाजात मुलाकडच्यांनी मुलीकडे देज द्यायची रीत आहे, आणि लग्न लावणारी धवलेरी ही बाई असते. घड्याळ, अंगठी, सायकल, पुढे मोटारसायकल ही यादी नंतर आली, आणि ती दर पिढीला लांबत गेली. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा मागणं, घेणं आणि देणं, तिन्ही गुन्हे आहेत. कुणी न मागता आपण खुशीने, ऐपतीप्रमाणे भेट दिली तर चालते, तिची लेखी यादी मात्र ठेवायची असते. "अमक्याच कंपनीचं पाहिजे" असं समोरून आलं की ती भेट राहत नाही, ती मागणी होते. हे एकट्या आईला बोलायला जड जातं, मला माहीत आहे. म्हणून ते गटाने बोलायचं. "आमच्या गटात यासाठी कर्ज मिळत नाही" हे वाक्य व्याह्यांपुढे सांगायला सोपं आहे, आणि ते खरंही असलं पाहिजे. त्रास होत असेल तर महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे.

मग भारी घड्याळ कधीच घ्यायचं नाही का? असं नाही. लेकाने स्वतःच्या पगारातून साठवलं, घरात अडचणीसाठी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे, डोक्यावर कर्ज नाही, आणि त्याला ती वस्तू मनापासून आवडते, तर त्याने खुशाल घ्यावं. हौसेला मोल असतं, फक्त ते हौस करणाऱ्याने द्यावं. आणि हौस फक्त लेकाचीच का? ताई, तुम्हाला स्वतःला नेटकं घड्याळ घालावंसं वाटत असेल तर घ्या. हजार-दीड हजारात चांगल्या देशी कंपनीचं, हमीसकट मिळतं.

घेताना चार गोष्टी बघा. पक्कं बिल घ्या. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून घ्या. 'फर्स्ट कॉपी' म्हणून मिळतं ते नकली असतं, त्याला हमी नसते आणि असा माल विकणं गुन्हा आहे. आणि मासळीत, पाण्यात काम करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. घड्याळावर '३० मीटर' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ते पाण्यात बुडवलं तरी चालेल असा नाही. थोडे शिंतोडे उडाले तर चालतील, एवढाच त्याचा अर्थ. फसवणूक झाली तर ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे.

शेवटी एक काम देते. पुढच्या मासिक बैठकीत, इतिवृत्त लिहिताना, हा विषय घ्या. गटाच्या पैशातून घड्याळ, महागडा मोबाइल अशा वस्तूंसाठी आणि मागणी म्हणून आलेल्या भेटीसाठी कर्ज द्यायचं की नाही, यावर सगळ्यांनी बोला. ठराव काय करायचा तो तुमचा अधिकार आहे, मी सांगणार नाही. पण जो कराल तो लिहून, सह्या करून ठेवा, म्हणजे लग्नसराईत कुणा एकीला एकटीने 'नाही' म्हणायची वेळ येणार नाही.