भोंगा बंद झाल्यावर



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा-पणजोबा याच परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. भोंगा वाजला की चाळी जाग्या व्हायच्या. गिरणगावाला शिस्त होती, पण तिचा दोर बाहेरच्या हातात होता. भोंगा, फाटक, हजेरी, जॉबरची नजर, आणि खाडा पडला की कापलेला पगार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि भोंगेही थांबले. तुमचेही भोंगे आज थांबताहेत. 75 टक्के हजेरी, सबमिशनची तारीख, केटीची धास्ती, सगळं संपलं. अभिनंदन! पण आता उठवणार कोण?

याच परिसरात, गिरण्या जोरात असतानाच्या काळात, डबक चाळीतल्या एका खोलीत रामजी सकपाळ आपल्या मुलासह राहत होते. खोली एकच, स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळं तिथेच. मुलगा लवकर झोपायचा, वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला उठवून स्वतः त्या जागी आडवे व्हायचे. चिमणीच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास चालायचा. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. मला त्यात आणखी एक दिसतं. उठवायला वडील होते, पण ते लगेच झोपी जात. दोन ते पहाट या वेळात पुस्तक मिटायला त्या मुलाला कोणाचीही आडकाठी नव्हती.

हाच मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. गिरगावातल्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला तिथे हेरलं आणि पुढे स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात दिलं. त्या भेटीचा पल्ला 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत जातो. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या पश्चात, मुंबईतूनच निघाला. केळुसकरांना कुठे ठाऊक होतं की आपण काय देतोय! (प्राध्यापकहो, हे तुमच्यासाठी. बक्षिसाला शाल-श्रीफळ नको, पुस्तक द्या.)

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उठवायला भोंगा नसताना, कोणी पाहत नसताना नीट वागायचं कसं? बुद्धाने याचं उत्तर एका लहान मुलाला दिलं, स्वतःच्या मुलाला. राहुल तेव्हा श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, होता. मज्झिम निकायात हा उपदेश आहे. पाय धुतल्यावर भांड्यात थोडंसं पाणी उरतं. ते दाखवून बुद्ध म्हणतो की जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रामण्य एवढंसंच. मग ते पाणी ओतून देतो, भांडं पालथं घालतो. पुढे विचारतो, आरसा कशासाठी? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. तसंच प्रत्येक कृत्य, प्रत्येक शब्द, प्रत्येक विचार पाहायचा. करण्याआधी, करताना आणि करून झाल्यावरही. याने मला किंवा दुसऱ्याला इजा होते का? होत असेल तर थांबायचं.

‘करताना’ हा भाग मला सगळ्यांत अवघड वाटतो. आधी विचार करणारे पुष्कळ, नंतर पस्तावणारे त्याहून पुष्कळ. अर्धं वाक्य तोंडातून गेल्यावर उरलेलं गिळणारे फार थोडे.

हा उपदेश पोरासोरांचा म्हणून सोडू नका. राजस्थानात बैराटला सापडलेल्या भाब्रू लेखात सम्राट अशोकाने भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मग्रंथ सांगितले आहेत. त्यात राहुलाला खोटं बोलण्याविषयी केलेला हा उपदेश नावानिशी येतो. त्या लेखावर गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी अभ्यासपूर्ण लिहिलं. घरदार सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा पालीच्या शोधात फिरलेला, हार्वर्डला जाऊन आलेला हा पंडित 1930 च्या दशकात राहायला कुठे आला? इथे, परळला, कामगारवस्तीत. त्यांनी इथे बहुजनविहार उभारला.

असं स्वतःकडे पाहणं अलीकडे ‘माइंडफुलनेस’ या नावाने फार विकलं जातं. मोबाइलवर ॲप, कंपनीत कार्यशाळा, दहा मिनिटं डोळे मिटायचे आणि पुन्हा टार्गेटच्या मागे. वाईट काहीच नाही. पण नुसतं अवधान म्हणाल, तर दादर स्टेशनच्या पुलावरच्या पाकीटमाराइतकं अवधान कोणाकडे असतं? त्याचं चित्त क्षणभरही ढळत नाही. म्हणून बौद्ध परंपरेत नुसत्या एकाग्रतेला भाव नाही, तिच्याआधी शील लागतं. सत्यनारायण गोएंका यांनी जुलै 1969 मध्ये भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर याच मुंबईत, एका धर्मशाळेत घेतलं. आजही त्यांच्या शिबिरात श्वासाकडे पाहायला शिकवण्याआधी पंचशील घ्यावं लागतं. पंचशील कोणी कोणाला फर्मावत नाही. ज्याचा तो घेतो आणि ज्याचा तो पाळतो.

गोएंकांचे गुरू ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. म्हणजे उद्या तुम्ही असाल तसेच फायली, आकडे, सह्या यांत दिवस घालवणारे. तेव्हा ‘हे सगळं विहारात ठीक, ऑफिसात जमत नाही’ ही सबब माझ्याजवळ चालायची नाही.

पहिल्या पगाराचंही बोलू या. पालक आता कान टवकारतील! सिगाल नावाच्या गृहस्थ-तरुणाला बुद्धाने सांगितलेलं असं: मिळकतीचे चार भाग करा. एक उपभोगाला, दोन धंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी ठेवा. हप्त्यांवर फोन घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा आपल्या पगाराला लावून पाहावा. बुद्ध फक्त त्यागच सांगतो असं मानणाऱ्यांना हे सुत्त मी मुद्दाम वाचायला देतो.

आणि चूक होणारच. वरिष्ठ म्हणतील, तारीख मागची टाका. तुम्ही मान हलवाल, घरी येऊन जेवण गोड लागणार नाही. राहुलाला यावरही वाट दाखवलेली आहे. कृतीने किंवा वाणीने चूक झाली असेल तर ती मनात कुजवायची नाही. गुरूपाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड करायची आणि पुढे सांभाळायचं. मला ही व्यवस्था फार व्यवहारी वाटते. त्यासाठी ज्याच्यापाशी खरं बोलता येईल आणि जो उगाच ‘चालतं रे’ म्हणणार नाही, असा एखादा माणूस मात्र लागतो. नोकरीत तो मिळेलच असं नाही. तीन वर्षं एका बाकावर बसून, कटिंग वाटून घेऊन तुम्ही एकमेकांना पुरेपूर ओळखता. तेव्हा झगे परत करून फोटोंसाठी पांगण्याआधी इकडेतिकडे नजर टाका, आपला तो माणूस कोण ते ठरवा आणि त्याला आजच तसं सांगून टाका.