उघड्या दाराची राखण



जेथे पगारी लेखक नाही, मुख्य संपादक नाही आणि प्रवेशासाठी पदवीचा दाखला लागत नाही, असा एक ज्ञानकोश आज तुमच्या मुलांच्या हातातील मोबाइलवर आहे. तो म्हणजे विकिपीडिया होय. त्याचा कारभार कसा चालतो, हे तुम्ही समजून घेतले पाहिजे.

२००० साली जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश काढला. विद्वानांनी लिहावे व लेख सात पायऱ्यांच्या तपासणीतून जावा, असा त्याचा नियम होता. पहिल्या वर्षात जेमतेम वीसएक लेख पुरे झाले. पुढे १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू करून त्यांनी लेखनाचे दार सर्वांना खुले केले. एका वर्षात लेखांची संख्या सुमारे १८ हजारांवर गेली.

माणसे जमली, तसे तंटेही आले. तेव्हा लिहिणाऱ्यांनीच आपले कायदे केले. विधानाला आधार द्यावा. वाद चर्चापानावर मांडावा. निर्णय केवळ हात मोजून न करता युक्तिवाद तोलून करावा. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद सर्वांना पाहता यावी. कारभार पाहणारे प्रचालक सदस्यांनीच निवडावेत.

इतके असूनही हे राज्य बळकावले जाऊ शकते. क्रोएशियन विकिपीडियावर प्रचालकांच्या एका लहान गटाने कब्जा केला. विरोधकांना बाहेर काढले. दुसऱ्या महायुद्धातील यासेनोवाच छळछावणीचे अत्याचार सौम्य करून लिहिले. २०१३ साली त्या देशात ओरड झाली, तरी गट हलला नाही. २०२०-२१ मध्ये त्याच्या प्रमुखांचे अधिकार गेले. मधल्या काळात जे लेखक कंटाळून निघून गेले, त्यांची जागा त्या मूठभरांनीच व्यापली होती.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. त्यात चुकीचे वाक्य दिसले, तर घरी बसून चडफडण्याने काय साधणार? ग्रंथ उघडा, आधार शोधा, दुरुस्ती करा. कोणी ती पुसली, तर शिवीगाळ न करता चर्चापानावर पुराव्यानिशी जाब विचारा. प्रचालक निवडले जातात तेव्हा आपले मत नोंदवा. जो गैरहजर राहतो, त्याच्या वाट्याचा कारभार दुसरे कोणी तरी करतात, आणि त्याचा इतिहासही तेच लिहितात.